सदाहरित रोपांचा पहिला उन्हाळा

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वृक्षारोपणाचा समारंभ आपल्या राज्याला नवा नाही. 1950 साली तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून जुलै महिना आला की शाळेच्या आवारात, पंचायतीच्या गायरानात आणि रस्त्यांच्या कडेला खड्डे घेतले जातात, पाहुणे येतात, रोपाला पाणी घातले जाते. 1982 साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. 2016 ते 2019 या चार वर्षांत तर कोटींच्या संख्येने उद्दिष्टे ठरवून लागवड हाती घेण्यात आली. लागवडीचा उत्साह कमी आहे असे कोणीही म्हणणार नाही. तरीही पुढच्या जून महिन्यात त्याच जागी गेले, तर बरेचदा तेच खड्डे पुन्हा नव्या रोपांची वाट पाहताना दिसतात. जुलैत लावलेले झाड मे महिन्यात का मरते आणि ते मरू नये म्हणून गावाला काय करता येईल, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यातही वड, आंबा, जांभूळ, बकुळ, फणस, करंज, कडुनिंब यांसारख्या सदाहरित किंवा जवळजवळ सदाहरित झाडांचा विचार येथे मुख्यतः करावयाचा आहे. कारण सावलीसाठी आपण लावतो ती झाडे बहुधा हीच असतात आणि पहिल्या उन्हाळ्यात सर्वाधिक हाल होतात तेही यांचेच.

पान न गाळणाऱ्या झाडाची अडचण

सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आंब्याच्या किंवा बकुळीच्या झाडाखाली बारा महिने पाचोळा पडतच असतो. फरक इतकाच की ही झाडे सगळी पाने एकाच वेळी टाकून उघडी होत नाहीत. सागाचे तसे नाही. थंडी संपता संपता तो पाने टाकू लागतो आणि उन्हाळाभर निष्पर्ण उभा राहतो. पान नाही म्हणजे बाष्पाचा खर्च नाही. सागाचे लहान रोपसुद्धा या युक्तीने मार्च ते मे हे महिने झोपेत काढते. पावसाळ्यात त्याला पुन्हा फूट येते.

जांभळाच्या किंवा बकुळीच्या रोपाला ही सोय नाही. त्याची पाने एप्रिलच्या भर दुपारीही फांदीवर असतात आणि पानांतून पाणी जातच राहते. पूर्ण वाढलेल्या झाडाला याची फिकीर नसते, कारण त्याची मुळे खोल मुरुमात, खडकाच्या भेगांत उतरलेली असतात. परंतु आठ महिन्यांपूर्वी पिशवीतून काढून लावलेल्या रोपाची मुळे बहुतेक अजून खड्ड्याच्या चार भिंतींतच असतात. वर खर्च चालू आणि खाली आवक बंद, अशी ही स्थिती. वरून पठारावरचे कोरडे, तापलेले वारे त्या खर्चात भर घालतात. म्हणून सदाहरित झाड ‘रुजले’ असे लागवडीच्या दिवशी किंवा पावसाळ्याच्या अखेरीस म्हणता येत नाही. त्याच्या मुळांनी खड्ड्याबाहेरची जमीन धरली, म्हणजे ते रुजले. पाऊस कमी असलेल्या भागात याला साधारणपणे तीन उन्हाळे लागतात, आणि त्यांत पहिला सर्वांत कठीण असतो.

कोकणात पाऊस भरपूर, तेव्हा तेथे ही अडचण नसावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ऑक्टोबरात पाऊस थांबला की जांभ्या दगडाच्या उतारावर पाणी टिकत नाही. जूनपर्यंतचा कोरडा काळ तेथेही तितकाच लांब असतो. कोकणातील बागायतदार नव्या आंबाकलमांवर पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात गवताची किंवा झावळ्यांची सावली करतात, ते उगाच नव्हे.

खड्डा, माती आणि पिशवी

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत घ्यावेत. उन्हाने माती तापते, त्यातील किडींची अंडी व हुमणीसारख्या अळ्या मरतात, आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये मजुरांची ओढाताण होत नाही. साध्या रोपासाठी 45 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल. रस्त्याकडेच्या मोठ्या रोपासाठी 60 सेंटिमीटर. आंब्याच्या कलमासाठी जमीन हलकी असेल तर एक मीटरपर्यंत. मुरमाड माळावर खड्ड्यातून निघालेला मुरूमच परत आत ढकलला, तर झाडाला दगडाच्या कुंडीत लावल्यासारखे होते. तेथे तळ्यातील किंवा बंधाऱ्यातील गाळाची माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड असे मिश्रण भरावे. शेणखत अर्धवट कुजलेले असले की वाळवीला आमंत्रणच मिळते.

काळ्या भारी जमिनीचा प्रश्न निराळा आहे. तेथे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. अशा जमिनीत रोप थोड्या उंचवट्यावर लावावे व जमीन भेगाळू लागली की आळ्यात आच्छादन टाकून भेगा मातीने बुजवाव्यात. आजकाल खड्डे यंत्राने घेतले जातात. ओल्या काळ्या मातीत यंत्राच्या पात्याने खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि मुळे त्या भिंतीला टेकून गोल फिरू लागतात. लावण्यापूर्वी कुदळीने या भिंती खरवडून घ्याव्यात. काम एका मिनिटाचे आहे.

रोपवाटिकेतून रोप निवडताना उंचीकडे पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. उंच रोप छायाचित्रात शोभून दिसते, पण लहानशा पिशवीत वाढलेले सहा फुटी जांभूळ म्हणजे मोठे कुटुंब आणि एकच मिळवता हात. त्यापेक्षा दोन-तीन फुटांचे, बुंधा जाड असलेले आणि मोठ्या पिशवीत वाढलेले रोप कितीतरी बरे. पिशवीच्या तळातून मोठे मूळ बाहेर निघून जमिनीत शिरले असेल, तर ते उपटताना तुटते आणि रोप चार दिवसांत मान टाकते. हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप थेट उन्हात नेऊन लावले, तर त्याची पाने भाजतात. म्हणून लागवडीच्या आधी तीन-चार आठवडे रोपे हळूहळू उघड्यावर आणून ठेवावीत व त्यांचे पाणी थोडे कमी करावे. रोपे मागविताना ही अट पंचायतीने आधीच घालावी; रोपवाटिकेला ते अवघड नसते.

आता पिशवीविषयी. पिशवीसह रोप लावण्याचा प्रकार अजूनही सर्रास आढळतो. घाई असते, मजुरांना कोणी सांगितलेले नसते, किंवा ‘पिशवी आपोआप कुजेल’ असे वाटते. प्लास्टिक कुजत नाही. मुळे आतल्या आत वेटोळे घालतात आणि झाड दोन-तीन वर्षे कसेबसे जगून एखाद्या वादळात मुळासकट आडवे होते. पिशवी ब्लेडने बाजूने कापून अलगद काढावी, मातीची हुंडी फुटू देऊ नये, तळाशी मुळांचे वेटोळे असेल तेवढे कापून टाकावे. रोप पिशवीत ज्या पातळीपर्यंत मातीत होते, त्याच पातळीला लावावे. बुंधा खोल पुरला तर साल कुजते. कलम असेल तर कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील असे पाहावे, आणि जोडाखालून येणारी फूट वेळोवेळी काढावी. नाहीतर हापूस लावला त्या जागी रायवळ वाढतो.

वडाला मात्र रोपाचीच गरज आहे असे नाही. मनगटाएवढ्या जाडीची, पुरुषभर उंचीची फांदी पावसाच्या तोंडावर लावली तरी ती मूळ धरते, हे आपल्याकडील जुन्या लोकांना ठाऊक होते. शिवाय गुरांच्या तोंडापेक्षा तिचा शेंडा आधीच वर असतो. वटपौर्णिमा येते तीही मृगाच्या आसपास. पूजेसाठी झाडाच्या फांद्या तोडून घरी आणण्यापेक्षा त्यातील एखादी चांगली फांदी पंचायतीच्या जागेत लावली, तर मुहूर्तही साधतो आणि हंगामही.

पाऊस कधी धरावा

मृगाचा पहिला पाऊस पडला की लागवडीची घाई होते. पठारावर हा पाऊस अनेकदा फसवा असतो; वरची चार बोटे माती भिजते आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडते. एका हाताच्या खोलीपर्यंत ओल गेली आहे, याची पहार घालून खात्री करावी आणि मगच रोपे लावावीत. बहुतेक वर्षी हा योग आर्द्रा ते पुष्य या नक्षत्रांत येतो. सोलापूर-अहिल्यानगरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही सप्टेंबरचा वाटा मोठा. तेथे जुलैत लावलेल्या रोपाला सप्टेंबरचा पाऊस मिळतो, ही जमेची बाजू. मात्र ऑगस्टमधील खंडात एक-दोनदा पाणी द्यावे लागते आणि नेमके तेच विसरले जाते, कारण पावसाळ्यात झाडाला पाणी घालायचे असते हे कोणाच्या मनातच येत नाही.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. रोपवाटिकेतील हुंडीची माती हलकी, सच्छिद्र असते. नारळाच्या भुशाची असेल तर अधिकच. भोवतालची जमीन भारी. अशा वेळी भोवतालची माती ओली आणि हुंडी मात्र आतून कोरडी ठणठणीत, असा प्रकार होतो. वरून पाहणारा म्हणतो, ‘ओल आहे की!’ आणि रोप सुकत जाते. म्हणून पहिले दोन महिने पाणी थेट बुंध्याशी, हुंडीवर पडेल असे द्यावे. पुढे मुळे बाहेर सरकली की आळे वर्षागणिक रुंद करीत जावे. पाणी बुंध्यापासून दूर दिले की मुळे त्याच्या शोधात दूर जातात.

पावसाळ्यात आळे उताराच्या बाजूने फोडून ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. हस्ताचा पाऊस संपता संपता ते पुन्हा बांधावे. याच वेळी भोवतालचे हातभर गवत खुरपून टाकावे. गवत हे लहान रोपाचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी आहे. शेळी दिसते, गवत दिसत नाही. खुरपलेले गवत, उसाचे पाचट, तुराट्यांचा भुगा, पालापाचोळा, जे हाताशी असेल त्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन आळ्यात पसरावे आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. आच्छादन बुंध्याला चिकटले की वाळवी सालीवर चढते.

पाण्याचा हिशेब

पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी पुढील हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सुमारे 17 आठवडे. या काळात एका रोपाला आठवड्यातून एकदा 10 लिटर पाणी धरले, तर 170 लिटर होते. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत 15 आठवडे. तेव्हा आठवड्यातून दोनदा 10 लिटर, म्हणजे 300 लिटर. एका रोपाचे पहिल्या कोरड्या हंगामाचे पाणी 470 लिटर झाले. 200 रोपांना 94,000 लिटर. 5,000 लिटरच्या टँकरच्या 19 खेपा, आणि सांडलवंड धरली तर वीसहून अधिक. हेच 1,000 रोपांना 4,70,000 लिटर, म्हणजे 94 खेपा. ज्या गावात मार्चनंतर माणसांच्या पाण्यासाठीच टँकर लागतो, तेथे झाडांसाठी 94 खेपा कोठून येणार? लागवडीचा आकडा खड्ड्यांवरून किंवा मिळालेल्या रोपांवरून न ठरविता मे महिन्यातील पाण्यावरून ठरविला पाहिजे. वीस खेपांची सोय असेल तर 200 झाडे लावावीत. वरून 1,000 चे उद्दिष्ट आले असेल, तर हा हिशेब लेखी कळवावा. तो नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही.

या बाबतीत शेजारच्या कर्नाटकातील एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. हुलिकल गावच्या तिम्मक्का, ज्यांना कन्नड लोक आदराने ‘सालुमरद’ म्हणजे झाडांच्या रांगेच्या तिम्मक्का म्हणत, आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी हुलिकल ते कुदूर या सुमारे साडेचार किलोमीटरच्या रस्त्यावर वडाची झाडे लावली. हे जोडपे मोलमजुरी करणारे होते. पहिल्या वर्षी त्यांनी दहाच रोपे लावली. दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. लागवड पावसाळ्यात करावयाची, रोपांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावयाचे आणि कोरड्या दिवसांत घागरी-बादल्यांनी पाणी वाहून न्यावयाचे. अशी 385 वडाची झाडे उभी राहिली. 2019 साली तिम्मक्कांना पद्मश्री देण्यात आली. पहिल्याच वर्षी त्यांनी 385 रोपे लावली असती, तर दोन माणसांना ती पाजणे शक्य झाले नसते. दहाचा आकडा त्यांच्या खांद्यांनी ठरविला होता.

पाणी वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मडक्याचा. आठ-दहा लिटरचे, न रंगविलेले, साधे मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि झाकण ठेवावे. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपत राहते, मुळे त्या ओलीकडे वाढतात, आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळे तणही कमी उगवते. भरलेले मडके रात्रभर ठेवून सकाळी बाहेरून ओलसर लागते का, ते आधी पाहावे; न पाझरणारे मडके पुरून उपयोग नाही. घरातील जुने माठही चालतात, मात्र क्षारांनी त्यांची छिद्रे बुजलेली असतात, ती घासून मोकळी करावीत. दर दोन-चार दिवसांनी वरवर शिंपडण्यापेक्षा असे खोल, सावकाश पाणी दिलेले केव्हाही चांगले. शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि ज्या आठवड्यात पाणी चुकते, त्याच आठवड्यात भाजतात.

पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन अडविले, तर पाण्याची गरज आणखी कमी होते. पावसाळ्यातच रोपाच्या पश्चिम व नैर्ऋत्य अंगाला तुरीचे किंवा एरंडाचे दाणे टोचावेत. तूर जानेवारीपर्यंत उभी राहते, शेंगा शाळेच्या मुलांना मिळतात आणि वाळलेल्या तुराट्या तेथेच रोवून त्यावर गवत बांधले की मे महिन्यापर्यंतची सावली तयार होते. ही सावली विरळ असावी. रोप झाकून टाकू नये.

रोप तहानलेले आहे की नाही, हे दुपारी पाहून कळत नाही. दुपारी निरोगी रोपही पाने लोंबकळवते. सकाळी सूर्य उगवताना पाने मलूल दिसली, तर पाणी हवे आहे. पाने पिवळी पडत असतील आणि माती ओलीच असेल, तर पाणी जास्त होत आहे. आणि एप्रिलमध्ये सगळी पाने गळाली म्हणून रोप मेले असे समजून ते उपटू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. पाने टाकून त्याने स्वतःला वाचविले आहे. पाणी चालू ठेवावे आणि पावसाची वाट पाहावी. अशी कितीतरी रोपे जूनच्या हजेरीत ‘मृत’ म्हणून नोंदली जातात आणि नवा खड्डा घेताना खरोखर मारली जातात.

31 मार्च आणि उन्हाळ्याची सुट्टी

झाडाचे वर्ष आणि शासनाचे वर्ष जुळत नाही, ही या कामातील खरी मेख आहे. रोपाची पाण्याची गरज मार्चमध्ये दुप्पट होते आणि नेमके 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. नव्या वर्षाचा निधी हाती पडेपर्यंत मे उजाडतो. एप्रिल-मे महिन्यांतच अधिकाऱ्यांच्या नियतकालिक बदल्या होतात. नवा अधिकारी रुजू होऊन नस्ती पाहीपर्यंत रोपांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. यावर उपाय एकच: उन्हाळ्याची सोय उन्हाळ्यापूर्वी वस्तुरूपाने करून ठेवणे. मडकी, कुंपणाचे साहित्य, पाण्याची टाकी, नळी यांची खरेदी फेब्रुवारीअखेर व्हावी. पाणी घालणाऱ्याची नेमणूक जूनअखेरपर्यंतची असावी आणि ती ग्रामसभेच्या ठरावात नोंदलेली असावी, म्हणजे माणूस बदलला तरी काम बदलत नाही.

शाळांचेही तसेच आहे. जुलै ते एप्रिल मुले मोठ्या हौसेने झाडे सांभाळतात. शालेय पोषण आहारानंतर हात धुण्याचे पाणी चर काढून झाडांकडे वळविले, तर तेवढ्यावरच पाच-दहा झाडे पोसली जातात. मग मे महिन्यात शाळेला कुलूप लागते आणि झाडांचेही पाणी बंद होते. शिक्षकांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेजवळ राहणाऱ्या घरांना झाडे वाटून द्यावीत. एका घराकडे दोनापेक्षा अधिक नकोत. मूल आजोळी गेले तर मागे कोण, हेही त्याच कागदावर लिहावे.

पैसा आणि जगण्याचे प्रमाण यांची सांगड घालता येते, याला आपल्याच राज्यात दाखला आहे. 2018 साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान एकदम न देता तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे देण्याचे ठरले, आणि पुढचा हप्ता मिळण्यासाठी बागायती झाडांपैकी किमान 90 टक्के व कोरडवाहू झाडांपैकी किमान 80 टक्के जिवंत असण्याची अट घालण्यात आली. शेतकऱ्याने स्वतःच्या बागेत जी अट मान्य केली, ती सार्वजनिक लागवडीच्या कंत्राटाला लावण्यास हरकत असू नये. खड्डे खोदले त्याच महिन्यात बिल पुरे झाले, तर मे महिन्यात पाणी घालण्यात कोणाचाच लाभ उरत नाही.

शेळी, वणवा आणि जागा

कुंपणाविषयी फार सांगावयास नको. बोराटीचे किंवा बाभळीच्या फांद्यांचे कुंपण स्वस्त व परिणामकारक असते. मात्र ते उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा पुन्हा भरावे लागते, कारण वाळलेले काटे सरपणाला जातात. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाच्या संमतीने पाळली, तेव्हाच तेथील डोंगर हिरवे झाले. बंदी करताना शेळ्या पाळणारी कुटुंबे बहुधा भूमिहीन असतात, हे विसरून चालणार नाही. कापून नेण्यासाठी गवताचा हक्क त्यांना आधी द्यावा, मग चराई बंद करावी. अन्यथा कुंपण रात्री मोडले जाते आणि त्यात नवल काहीच नाही.

डोंगरउतारावरील लागवडीभोवती फेब्रुवारीपूर्वीच गवत कापून व जाळून तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढावी. सदाहरित रोपाची साल पातळ असते. गवताच्या एका वणव्यातून सागाचे बुडखे पुन्हा फुटते, बकुळीचे रोप बहुधा फुटत नाही.

आणि प्रत्येक मोकळी जागा झाडासाठी नसते. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर, कोकणातील सड्यांवर किंवा सोलापूरकडील माळढोकाच्या माळरानावर खड्डे घेऊन सदाहरित झाडे लावणे म्हणजे तेथील गवत, फुले आणि पक्षी यांचे घर मोडणे होय. तशा जागी झाड जगत नाही आणि जगले तर नुकसान करते. झाडाला गावठाणाच्या कडा, ओढ्याचे काठ, विहिरीचा परिसर, बाजारतळ, शाळा आणि रस्ते पुरेसे आहेत. दिल्लीतील तोपरा स्तंभावरील अशोकाच्या लेखात रस्त्यांवर सावलीसाठी वड लावल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच्या पाठोपाठ विहिरी खोदविल्याचाही. आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंबा-फणसांना तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात, असे त्याचे कारण तेथे दिलेले आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आणता येते. मडके त्याच जागी ठेवण्याऐवजी बुंध्यापासून आणखी हातभर दूर पुरावे. आधाराची काठी वर्षानंतर काढून टाकावी. तिचा उद्देश रोप वाऱ्यात मोडू नये एवढाच. कायम बांधलेले खोड वाऱ्याशी झुंजावयास शिकत नाही आणि सुतळी सालीत रुतते. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा खोल पाणी पुरते, तेही नवी पालवी कोमेजत असेल तरच. शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे आणि बुंधा मनगटाएवढा झाला की कुंपण काढावे, ते काटे पुढच्या वर्षीच्या दहा रोपांना वापरावेत. पंचायतीच्या नोंदवहीत लागवडीच्या तारखेपुढे तीन रकाने आखून ठेवावेत: पहिला जून, दुसरा जून, तिसरा जून. झाड मोजावयाचे ते तिसऱ्या रकान्यात.